झोका आहे, पण तिथवर जायचं कसं?

शनिवारची संध्याकाळ, साडेपाचचा सुमार. आमच्या भागातल्या उद्यानाच्या दारात एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. नातू आठ-नऊ वर्षांचा, व्हीलचेअरवर. दारात लोखंडी खांब रोवलेले, दुचाकीवाले आत घुसू नयेत म्हणून. त्या खांबांतून खुर्ची काही जाईना. आजींनी सरळ घालून पाहिली, तिरकी करून पाहिली, उलटी ओढून पाहिली. शेवटी वॉचमन आला. "मावशी, मागच्या गेटनं न्या की. पण थांबा, त्याची चावी साहेबांकडं असते." साहेब शनिवारी-रविवारी नसतात.

गंमत अशी की आत, दारापासून पन्नास-साठ पावलांवर, व्हीलचेअरसकट बसता येईल असा नवाकोरा झोका उभा होता. त्याच्या दांड्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी काढलं नव्हतं.

'सर्वसमावेशक बालोद्यान' हा शब्द हल्ली महापालिकांच्या फलकांवर आणि उमेदवारांच्या पत्रकांत वरचेवर दिसतो. जानेवारी २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी नागपुरात पारडी भागात सुमारे ९० हजार चौरस फुटांचं, अंदाजे १२ कोटी रुपये खर्चाचं 'अनुभूती' नावाचं उद्यान होणार असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. पण असं उद्यान म्हणजे नेमकं काय? एक खास झोका बसवला की झालं? तसं असतं, तर त्या आजी दारातून परत गेल्या नसत्या.

आधी ओट्याचं उदाहरण

सासरा सहा फुटी, हौसेनं स्वयंपाक करणारा. त्यानं घर बांधताना ओटा स्वतःच्या उंचीनं करून घेतला. पुढं सून आली पाच फुटांची. तिला पोळ्या लाटताना खांदे भरून येतात, मागच्या शेगडीवरच्या पातेल्यात काय चाललंय ते दिसत नाही. घरातले तिला उभं राहायला पाट देतात आणि म्हणतात, "ही जरा बुटकी आहे ना." आता अडचण सुनेच्या उंचीत आहे की ओट्याच्या?

सर्वसमावेशक बालोद्यानाचा सगळा विचार एवढ्यावर उभा आहे. मुलाला चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, गोंगाट सोसत नाही, हे आहेच. पण ते खेळू शकत नाही, यातला मोठा वाटा ओट्याचा असतो. बागेच्या दाराचा, पायऱ्यांचा, वाळूचा.

इथे दोन शब्द वेगळे करून ठेवू. मुलाला तिथवर पोचता आणि आत शिरता येणं म्हणजे 'सुलभ'. पोचल्यावर त्याला इतरांबरोबर खेळता येणं म्हणजे 'समावेशक'. पहिलं नसेल तर दुसरं होत नाही. पण पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं, असंही नाही. ऑस्ट्रेलियात 'लिबर्टी स्विंग' नावाचा व्हीलचेअरसाठीचा झोका अनेक बागांत बसवला गेला. तो जड असतो, आडव्या आलेल्या पोराला लागू नये म्हणून त्याच्याभोवती कुंपण असतं आणि दाराला कुलूप. चावी मागवून घ्यायची, मग एकट्यानं आत जाऊन झुलायचं. मूल झुललं, हे खरं. पण कुणाबरोबर? तिथल्या दिव्यांगांच्या चळवळीतूनच त्यावर टीका झाली. आमच्या बागेतल्या मागच्या गेटच्या चावीचा आणि त्या चावीचा मला तरी जवळचा नातेसंबंध दिसतो.

दिव्यांग म्हटलं की फक्त चाकाची खुर्ची?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत. त्यांतले बरेच बाहेरून दिसत नाहीत. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, कमी ऐकू येणं, आणि हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल घरोघरी माहीत आहे. सिकलसेलचं मूल पळतं, घसरगुंडीवरून येतं, सगळं करतं. पण लवकर दमतं, आणि अंगातलं पाणी कमी झालं की त्याची दुखणी उसळतात. त्याला रॅम्पचा काय उपयोग? त्याला जवळ प्यायचं पाणी हवं, सावली हवी, टेकायला बाक हवा. हिमोफिलियाच्या मुलाचं रक्त लवकर थांबत नाही, त्याला पडल्यावर मार कमी लागेल अशी जमीन हवी. अंध मुलाला झोक्याच्या कक्षेत पाऊल पडण्याआधी पायाखाली खरखरीत पट्टा लागायला हवा, नाहीतर कपाळमोक्ष ठरलेला. अंधुक दिसणाऱ्याला पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मिळाला तरी पुष्कळ होतं.

काही गोष्टी तर आपल्या डोक्यातही येत नाहीत. प्लास्टिकच्या घसरगुंडीवरून येताना अंगात स्थिर वीज साठते, केस उभे राहतात, पोरं हसतात. कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेनं घातलेलं यंत्र, बसवलेल्या मुलाच्या जुन्या यंत्रात त्या विजेनं बिघाड होऊ शकतो, म्हणून घसरगुंडीआधी बाहेरचं यंत्र काढून ठेवायला सांगत आले आहेत. म्हणजे ऐनवेळी त्या मुलाला ऐकूच येत नाही. तेव्हा अशा घसरगुंडीच्या खालच्या टोकाला आई समोर दिसेल अशी मोकळी जागा असावी. या एका गोष्टीला पैसे पडत नाहीत, फक्त आराखडा काढताना आठवायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं खेळणं: जमीन

कोणत्याही बागेचं उद्घाटन खेळण्यांचं होतं. जमिनीची फीत कुणी कापत नाही. आणि पेच तर सगळा तिथेच आहे.

चौपाटीवर कधी सायकल चालवून पाहिलीय? पुढचं चाक रुततं आणि आपण हँडलवरून खाली. व्हीलचेअरची पुढची चाकं सायकलच्या चाकापेक्षा कितीतरी लहान असतात. वाळूत ती लगेच फसतात. कुबड्याही रुततात. आता वाळू काढून काँक्रीट करावं, तर चाकं मजेत फिरतात, पण झोक्यावरून पडलेल्याचं डोकं फुटतं. पडणाऱ्याला मऊ जमीन हवी, फिरणाऱ्याला टणक.

याला जगभर दिलं जाणारं उत्तर म्हणजे रबराची जमीन. खाली जुन्या टायरांच्या भुग्याचा जाड थर, वर ईपीडीएम नावाच्या रबराचा रंगीत थर. चाकं फिरतात, पडलं तर मार कमी लागतो. पण हे महाग पडतं. शिवाय आपल्याकडचा मे महिना! गडद रंगाचं रबर अकोल्याच्या किंवा परभणीच्या उन्हात दुपारी इतकं तापतं, की अनवाणी पाऊल टेकवत नाही. पावसाळ्याआधी खालचा उतार नीट काढला नसेल, तर पाणी मुरून सांधे उचकटतात, आणि मग तिथे ठेचाळायची सोय होते.

म्हणून सगळी बाग रबरानं मढवायची काही गरज नाही. माझ्या मते शहाणपणाचा मार्ग असा: दारापासून प्रत्येक खेळण्यापर्यंत टणक, सपाट, सलग वाट. रबर फक्त जिथं पडायची शक्यता आहे तिथं, तेही फिकट रंगाचं आणि झाडाच्या सावलीत. वाळूचा खड्डा तसाच राहू द्यावा, पोरांचा जीव असतो त्यात. त्याच्या शेजारी टेबलाच्या उंचीवर वाळूची एक परात करावी, म्हणजे खुर्चीवरचं मूल गुडघे खाली सरकवून त्याच वाळूत हात घालू शकेल. वाट किती रुंद? एक खुर्ची जायला किमान ९० सेंटीमीटर, दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर १८० च्या आसपास. जागच्या जागी वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ. पेव्हर ब्लॉक चालतात, पण आपल्याकडे ते बसवल्यानंतर सहा महिन्यांनी केबलवाले येऊन उकरतात, ही वेगळी अडचण.

रॅम्प करू म्हणणं सोपं आहे

रॅम्पचं गणित एकदा समजून घ्यावं, कारण ठेकेदाराला प्रश्न विचारायला ते उपयोगी पडतं. प्रमाण एकास बारा. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. घसरगुंडीचा मचाण जमिनीपासून फक्त ६० सेंटीमीटर उंच असेल, तरी ७.२ मीटर रॅम्प लागतो. १२० सेंटीमीटर असेल तर साडेचौदा मीटरच्या घरात, वर मध्ये दम खायला सपाट जागा वेगळी. शिडीला हेच काम दीड फुटात जमतं. म्हणून मग आपल्याकडे काय होतं, तर पायऱ्यांवर सिमेंट ओतून छातीवर येणारा चढ करतात, त्याला रॅम्प म्हणतात, फोटो काढतात. त्यावरून खुर्ची वर ढकलणारा माणूस धापा टाकतो आणि उतरताना खुर्चीच त्याला ओढत नेते.

लहान जागेत यावर तोडगे आहेत. पहिला, खेळणी वर चढवण्याऐवजी खाली आणा. जमिनीच्या पातळीत बसवलेलं गोल चक्र याचं उत्तम उदाहरण. खुर्ची सरळ आत ढकलायची, ब्रेक लावायचा, बाकीची पोरं भोवती उभी राहून फिरवतात, आणि सगळ्यांना सारखीच गरगर. दुसरा, मातीचा भराव घालून टेकाड करा आणि घसरगुंडी त्याच्या उतारावर टेकवा. चढायला वळणावळणाची वाट एका बाजूनं, आणि ज्यांना धावत चढायचंय त्यांना गवताचा उतार दुसऱ्या बाजूनं. तिसरा, गुडघ्याच्या उंचीचा ओटा. ज्या मुलांच्या हातांत बळ आहे ती खुर्चीतून ओट्यावर सरकतात आणि बसल्याबसल्या रुंद पायऱ्या चढतात. फक्त वर गेलेल्या मुलाची खुर्ची खालच्या टोकाला कोण आणणार, याचा विचार आधी झालेला बरा.

घाटातली एसटी आणि कानातली नळी

आपल्या आतल्या कानात पाण्यासारखा द्रव भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला कळतं, आपण झुकलो, फिरलो, थांबलो. घाटातल्या एसटीत एक जण खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकतो आणि त्याच्या शेजारचा घोरत असतो. यंत्र तेच, संवेदना कमीजास्त.

स्वमग्न मुलांमध्ये हा फरक खूप टोकाचा असू शकतो. एकाला अर्धा तास झोका मिळाला की तो शांत होतो. दुसऱ्याला झोका दिसला तरी तो किंचाळतो. म्हणून झोक्यांचे प्रकार हवेत: एक नेहमीचा, एक पाठ आणि पट्टा असलेला, एक दोघांना आडवं पडता येईल असा टोपलीसारखा. या टोपलीत धाकट्या बहिणीला घेऊन पडता येतं, हे विसरू नका. खास झोक्यापेक्षा मला ती टोपली जास्त पसंत आहे.

गोंगाट असह्य झाला की पळून जायला एक कोपरा हवा. बंद खोली नव्हे. वेलीचा मांडव, खाली बाक, आणि तिथून खेळ दिसत राहील असं. पुष्कळ मुलं आधी तासभर नुसती बघतात, मग एकदम खेळात शिरतात. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी एक चित्रफलक लावावा: पाणी, झोका, शू, पुरे, अजून. बोट ठेवलं की झालं. तो फलक मराठीत असावा, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आणि कुंपण? एका झोक्याभोवतीचं कुंपण वाईट म्हटलं, पण सगळ्या बागेभोवतीचं कुंपण मोलाचं आहे. काही मुलं कारण नसताना एकदम धावत सुटतात. बाहेर रस्ता असेल तर आईचा जीव मुठीत. कुंपण पुरतं आणि दार एकच, बाकावरून दिसणारं असेल, तर ती माउली दहा मिनिटं टेकून चहा पिऊ शकते.

झाडांबद्दल एक बोलून टाकतो. आपल्या उद्यान विभागांना कण्हेर फार प्रिय आहे. पाणी कमी लागतं, फुलं भरपूर. पण कण्हेरीचं पान, फूल, बी सगळंच विषारी. आणि जी मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात, ती इथेच खेळायला येणार. कण्हेर नको, काटेरी बोगनवेल वाटेजवळ नको. कडुनिंब लावा. दाराशी पारिजात आणि झोक्यांजवळ सोनचाफा लावला, तर बहराच्या दिवसांत अंध मुलाला वासावरून दिशा कळायला मदत होते.

"पण अशी मुलं येतातच किती?"

हा पहिला आक्षेप, आणि तो विचारणारा बहुधा खरंच बागेत कुणाला पाहत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सगळ्या वयांचे मिळून सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या, कमी प्रकारांच्या यादीनुसार. त्यांत मुलंही आहेत. घरात आहेत. पूल नसलेल्या नदीकाठी उभं राहून "पलीकडे कुणी जातच नाही, पूल कशाला" म्हणण्यासारखं आहे हे. शिवाय सपाट वाट बाबागाडीलाही लागते, काठी टेकत येणाऱ्या आजोबांनाही, आणि पाय प्लास्टरमध्ये असलेल्या तुमच्या धडधाकट मुलालाही.

"त्यांच्यासाठी वेगळी बाग केली तर?"

हेतू चांगला असतो. पण शहरात एक वेगळी बाग म्हणजे बहुतेकांना दोन बस बदलून जावं लागणार, म्हणजे महिन्यातून एकदा. खेळ ही रोज संध्याकाळी घडणारी गोष्ट आहे. आणि भावंडांचं काय? ताई एका बागेत, दादा दुसऱ्या? मोठं, सगळ्या सोयींचं एखादं उद्यान शहराला असायला हरकत नाही, तिथं जलोपचारासारख्या गोष्टी करता येतात. पण घराजवळच्या दहा बागांची दारं रुंद केली, तर मला वाटतं जास्त मुलं खेळतील.

"दणकट पोरांना कंटाळा येईल"

येईल, जर सगळंच बुटकं आणि गुळगुळीत केलं तर. तसं करूच नये. उंच जाळी असू द्या, दोरखंड असू द्या, अवघड वाट असू द्या. अट एवढीच, की त्याच्या शेजारून सोपी वाटही तिथंच पोचावी. थोडा धोका प्रत्येक मुलाला हवा असतो, दिव्यांग मुलाला तर जास्तच, कारण त्याला कुणी कधी पडूच दिलेलं नसतं. लंडनमध्ये चेल्सी भागात १९७० साली उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन यांनी दिव्यांग मुलांसाठी साहसी खेळांचं मैदान उघडलं, ते याच आग्रहातून.

"पैसे कुठून आणायचे?"

महाराष्ट्रात महापालिका, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पूर्वी तो ३ टक्के होता. आपल्या गावात तो कुठे गेला, हे माहिती अधिकारात विचारता येतं. दुसरं म्हणजे, नव्यानं बांधताना रुंद दार आणि एकसंध वाट यांना फारसा जादा खर्च येत नाही. बांधून झाल्यावर फोडून करायला येतो.

टाकाऊ टायरांपासून खेळणी करणारी बंगळूरची 'अँटहिल क्रिएशन्स' आणि दिव्यांग मुलांच्या पालकांनी उभी केलेली तिथलीच 'किलिकिली', यांची कामं पाहण्यासारखी आहेत. किलिकिलीच्या पालकांनी वेगळी जमीन मागितली नाही, महापालिकेच्याच बागांत बदल करायला लावले. अमेरिकेत कनेटिकट राज्यात १९९६ साली एका आईवडिलांनी, बाळ गेल्यावर, त्याच्या नावानं शेकडो स्वयंसेवकांच्या हातांनी असंच मैदान बांधलं. 'जोनाथन्स ड्रीम' त्याचं नाव. तिथलं लाकूड पुढं कुजलं आणि ते सगळं नव्यानं बांधावं लागलं. म्हणून निविदेत देखभालीचा खर्च नसेल तर ती कागदावरच थांबवावी. पट्ट्याची एक कडी तुटली की खास झोका निव्वळ लोखंड होतो. स्वच्छतागृहाचंही तेच: बारा वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायला आडवं निजवता येईल असा बाक तिथं नसेल, तर ती आई अर्ध्या तासात घरी परतते, बाग कितीही सुंदर असो.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात. २००७ मध्ये भारतानं मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीनं खेळता आलं पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं आहे. २०१६ च्या कायद्यानं सार्वजनिक जागा सुलभ करायचं बंधन घातलं. पण नियमांत पळवाट होती: निकष 'मार्गदर्शक' म्हणून दिलेले, म्हणजे पाळले तर पाळले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे निकष करायला सांगितलं. स्थानिक अधिकारी दाद देत नसतील, तर पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्जासोबत फोटो आणि मापं जोडली की टाळाटाळ अवघड जाते.

तर मापांचं. मी टेप घेऊन गेलो. दारातल्या दोन खांबांमधलं अंतर ५८ सेंटीमीटर. खांब हलवले तर दुचाकी शिरतील, ही वॉचमनची भीती खोटी नाही. ९० सेंटीमीटरमधून स्कूटर आरामात जाते. पण दारातच दीड मीटरचं काटकोनी वळण केलं, तर खुर्ची जागच्या जागी वळते आणि जवळजवळ दोन मीटर लांबीची मोटारसायकल उतरून, ढकलून, शिव्या घालत वळवावी लागते. हे चित्र काढून अर्जाला जोडलं, आवक क्रमांक घेतला. सतरा दिवसांनी उत्तर आलं: खांबांचा विषय उद्यान विभागाचा नसून स्थापत्य विभागाचा आहे. अर्ज आता तिकडे दिलाय. मागच्या गेटची चावी तेवढी वॉचमनकडे आली.